वैजयंताच्या हातची रोटी

वैजयंता मेश्रामच्या हातांना कंप सुटला आणि निम्म्या नागपूरची लग्नं बेचव झाली. खोटं वाटत असेल तर ज्यांनी तिच्या हातची लांब रोटी खाल्ली आहे, त्यांना विचारून बघा. यंत्रांनी एव्हाना सगळं गिळलं होतं. पोळ्या लाटायला यंत्र, भाकरी थापायला यंत्र, पुरणसुद्धा यंत्रच वाटायचं. पण लांब रोटीपुढे भल्याभल्या यंत्रांनी हात टेकले होते. चुलीवर मातीचं मडकं उपडं घालायचं आणि खाली लाकडांचा जाळ करायचा. कणीक इतकी सैल, की नवख्या माणसाला वाटावं हिचं आता धिरडंच होणार. ती परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग गोळा उचलून दोन्ही हातांवर खेळवत पार कोपरापर्यंत लांबवायचा आणि फाटायच्या आत मडक्यावर टाकायचा. हात जरा डगमगला की संपलं.

वैजयंताला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. नवरा लवकर गेला, पण मडक्याच्या जिवावर ही बाई ताठ उभी राहिली. वस्तीत लग्न असो की बारसं, रोटी तिचीच.

पुढे रक्तदाबानं दोन्ही किडन्या खाल्ल्या. डायलिसिस सुरू झालं. त्या काळात तिला जगवलं ते समोरच्या घरातल्या कुंदा गजभियेनं. दोघी एकाच शाळेतल्या, एकाच गल्लीत सुना होऊन आलेल्या. कुंदा तिला स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात न्यायची आणि घरी आणून समोर बसून जेवू घालायची. वैजयंताला अन्नाची शिसारी आली होती. तेव्हा कुंदा तिच्याच ताटातला घास मोडून आधी स्वतः खायची. "पाह्य, मी खाल्ला. आता तुहा नंबर," म्हणायची. त्या दोन वर्षांत कुंदानं स्वतःचं ताट वेगळं म्हणून वाढून घेतलंच नाही.

मग अपघातात गेलेल्या एका परक्या माणसाच्या घरच्यांनी मोठं मन केलं आणि वैजयंताला किडनी मिळाली. सगळ्यांना वाटलं, सुटली बाई.

पण परका अवयव शरीराला पचत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं कामच मुळी परक्याला हुसकावणं. किडनी जीव वाचवायला आली आहे, हे त्यांना कोण समजावणार? म्हणून त्यांना अर्धवट गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. रक्तात औषध कमी पडलं की पेशी किडनीवर तुटून पडतात. जास्त झालं की साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून चालायचं, तेही रोज. वैजयंता चाललीही असती. पण त्या गोळ्यांनी तिचे हात थरथरू लागले. पहिली रोटी फाटली, दुसरी फाटली, तिसरी मडक्यावर न पडता चुलीत पडली. तिनं परात उचलली आणि सगळी कणीक गल्लीतल्या गाईपुढे ओतली.

"किडनी देली अन् हात घेतले," ती डॉक्टरांना म्हणाली. "हा कोणता व्यवहार झाला, सांगा बरं?"

डॉक्टर नेरकर तरुण होत्या आणि पेशंटचं बोलणं खाली मान घालून नाही, तर डोळ्यांत बघून ऐकायच्या. त्यांनी तिला 'सहवास'बद्दल सांगितलं.

"मावशी, तुमच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू आधीच राहतात. त्यातल्याच एका जातीला शास्त्रज्ञांनी दोन कामं शिकवली आहेत. पहिलं, चाहूल घ्यायची. शरीर किडनीवर उठलं की काही रसायनं वाढतात, ती हा जिवाणू ओळखतो. दुसरं काम, लागेल तेवढंच औषध तिथल्या तिथे तयार करायचं. शरीर खवळलं तर जास्त, शांत असलं तर अगदी थोडं. एकदा ही कॅप्सूल गिळली की गोळ्यांचा मारा बंद. हातांचा कंपही जाईल, कारण औषध रक्तात उसळी मारणार नाही."

"अन् हा माह्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात गेला तं?"

"जाईलही एखादवेळी. पण टिकणार नाही. जगायला लागणारा एक घटक त्याला स्वतःला बनवता येत नाही. तो मुद्दामच तसा अधू ठेवलाय. तो घटक या पुडीत आहे. याला आम्ही खुराक म्हणतो. रोज सकाळी पेलाभर पाण्यात घालून प्यायचा. खुराक मिळाला नाही तर दोन-तीन दिवसांत तो मेलाच."

"म्हणजे भाडेकरू ठेवायचा, अन् त्याले नाश्ताही आपणच द्यायचा," वैजयंता म्हणाली आणि कॅप्सूल गिळून मोकळी झाली.

हात परत आले! एका सकाळी चहाचा कप बशीवर वाजला नाही, तेव्हा तिला कळलं. तिनं तो कप तसाच ठेवला, कणीक भिजवली, मडकं उपडं घातलं आणि पहिली रोटी टाकली. ती मडक्यावर चादरीसारखी पसरली. वैजयंता चुलीपुढेच बसून ढसाढसा रडली, आणि कुंदा समोरच्या दारातून "काय जळलं वं?" करत धावत आली. मग दोघींनी ती रोटी वांग्याच्या भाजीबरोबर एकाच ताटात खाल्ली. कुंदाच्या लेकीचं, यशोधराचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. "यशूच्या लग्नात रोट्या तुह्याच," कुंदा म्हणाली. यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. दुसरं कोण करणार होतं?

आणि मग ती बातमी आली.

दूरच्या एका शहरात एक धडधाकट माणूस बुरशीच्या संसर्गानं अतिदक्षता विभागात गेला. त्याला कसलाही आजार नव्हता, कुठला अवयव बदललेला नव्हता. तपासणीत त्याच्या पोटात 'सहवास'चे जिवाणू सापडले, आणि त्यांनी त्याची प्रतिकारशक्ती पार लोळवली होती. त्याच्या बायकोची किडनी बदललेली होती. एवढं पुरलं. फोनवरून फोनवर निरोप फिरू लागले. सहवासवाल्यांच्या हातचं खाऊ नका, त्यांचा कप वापरू नका, त्यांना ओळखा. कायदा झाला नाही, सरकारनं काही बंदी घातली नाही. गरजच पडली नाही. लोकांनी आपापसांतच सगळं उरकून घेतलं. वैजयंताला रोट्या सांगून ठेवलेले एकेक जण फोन करू लागले, "ताई, यंदा घरगुतीच करून राहिलो हो." आवाज इतके गोड, की त्यांना शिवीही देता येईना.

त्या आठवड्यात ती कुंदाकडे चहाला गेली. कुंदानं तिच्यापुढे नवाकोरा कप ठेवला. पांढराशुभ्र, त्यावर मोगऱ्याची फुलं.

"तुह्यासाठी खास आणला, वैजू. कसा आहे?"

"झकास आहे वं!" वैजयंता खूश झाली. चहा पिऊन झाल्यावर ती सवयीनं कप विसळायला मोरीकडे निघाली, तर कुंदानं लगबगीनं तो हातातून घेतला, मागच्या नळावर नेऊन धुतला आणि खिडकीत उपडा घातला. बाकीचे कप फळीवर होते.

वैजयंता त्या खिडकीकडे बघतच राहिली. तिची आई लहानपणी गावात हॉटेलवर चहा आणायला जायची, तेव्हा त्यांच्या लोकांचे कप बाहेर लिंबाखाली वेगळे ठेवलेले असत. आपला आपण घ्यायचा, पिऊन आपणच धुऊन परत तिथंच ठेवायचा. आई ते सांगताना हसायची. म्हातारपणी मात्र सांगायचीच नाही.

"कुंदा," वैजयंता म्हणाली, "हा कप तिकडं काहून ठेवला?"

"अवं, तुहा वेगळा राह्यलेला बरा ना. मुद्दाम महागाचा आणला, तुले वाईट नाही वाटलं पाह्यजे म्हणून."

"भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे तुह्या. त्याच्याखाली बसून तू मले वेगळा कप देऊन राहिली?"

कुंदाचा चेहरा खर्रकन उतरला, मग लाल झाला. "काहीतरीच नको बोलू! ते जातीचं होतं. हे जंतूचं आहे."

"तेव्हाही ते काही ना काही कारण सांगतच होते, कुंदा."

ती उठली आणि घरी आली. तो मोगऱ्याचा कप कुंदानं खरोखर मायेनं आणला होता, दुकानात दहा कप उलटेपालटे करून निवडला असणार, हे वैजयंताला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिला जास्त लागलं. एखाद्या हलकटानं दिला असता तर तिनं तो त्याच्याच डोक्यात घातला असता.

यथावकाश चौकशीचा अहवाल आला. डॉक्टर नेरकरांनी तिला बोलावून सांगितला, आणि सांगताना त्यांना हसू आणि संताप एकदमच येत होते. त्या माणसाच्या बायकोला खुराकाची चव आवडायची नाही. ती रोज अर्धा पेला तसाच ठेवायची. आणि नवरा? एवढं चांगलं औषध मोरीत ओतायचं त्याच्या जिवावर यायचं. वाया कशाला घालवायचं म्हणून तो उरलेलं रोज पिऊन टाकायचा! जिवाणू एका घरात राहून कधीतरी त्याच्या पोटात गेले, ते एरवी मेलेच असते. यानं त्यांना रोज सकाळी खाऊ घालून वाढवलं होतं, आणि साध्या सर्दीनं शरीर खवळलं तरी ते औषध सोडत राहिले.

"आपली माणसं!" डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता खुराक कडू जहर करणार आहेत. तुमच्या कपानं, ताटानं कुणालाही काही होत नाही, मावशी. आणि रोटीचं तर नावच नको. त्या मडक्यावर कुठलाच जंतू जगत नाही."

अहवाल सगळीकडे छापून आला. लोकांनी वाचला, मानही डोलावली. पण कपाटातून वेगळी काढलेली भांडी कुणी परत कपाटात ठेवली नाहीत. खिडकीतला कप खिडकीतच राहिला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा कुंदा तिच्याकडे आली. पदराशी चाळा करत सांगू लागली. मुलाकडचे शेंडे भंडाऱ्याचे, शिकलेले, चांगले लोक. पण त्यांची थोरली सून संघमित्रा पोटुशी होती, आणि सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं की आमचं काही नाही हो, पण या दिवसांत धोका नको, त्या रोटीवाल्या ताई मांडवात नकोत.

"अहवाल वाचला ना तू?" वैजयंतानं विचारलं.

"मी वाचला. मले पटलंही. पण पोरीचं लग्न आहे वं, वैजू. मी कोणाकोणाले अहवाल दाखवत फिरू?" कुंदाचे डोळे भरून आले. "एक आयकशील? ती बंद करायची गोळी असते म्हणे. घे ना. तेवढं लग्न होईतो जुन्या गोळ्या चालू कर, मंग पुन्हा हे घे. मी मुलाकडच्यांना छातीठोक सांगते, आता हिच्या पोटात काही नाही. माह्याजवळ मांडवात बसशील. तू नसली तं मले ते लग्न लग्नच नाही वाटणार."

हे मात्र वैजयंताच्या वर्मी लागलं. कारण तिलाही तिथंच बसायचं होतं. यशूला तिनं मांडीवर खेळवलं होतं. ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली आणि गोळी मागितली.

डॉक्टरांनी गोळी टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. "नुसता खुराक थांबवला तर दोन-तीन दिवस लागतात, हिनं एका दिवसात सगळे जिवाणू मरतील. जुन्या गोळ्या सुरू कराव्या लागतील, हात पुन्हा थरथरतील. आणि सहवास दुसऱ्यांदा रुजेलच याची खात्री नाही. निम्म्या लोकांत नाही रुजत."

"अन् मी ही नाही घेतली, तं कोणाचं काही वाईट होईल? खरं सांगा."

"कुणाचंही नाही."

"त्या पोटुशा पोरीचं?"

"तिचंही नाही. तुमची पुडी तिनं पिऊ नये, बस."

"मंग ही गोळी कोणाच्या बिमारीसाठी आहे, डॉक्टर?"

वैजयंतानं आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. बोटं स्थिर होती. भाजल्याचे जुने डाग, मनगटावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथे. हा जीव एका मेलेल्या माणसाच्या किडनीवर वाचला होता, आणि हे हात परत मिळावेत म्हणून कितीतरी लोकांनी आयुष्यभर डोकं खपवलं होतं. आणि ते लोकांच्या भित्रेपणावरून ओवाळून टाकायचे? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठेवा तुमच्याजवळच," ती म्हणाली. "मी नाही घेत. अन् वेगळ्या कपात चहाही नाही पीत."

लग्नाच्या दिवशी गल्लीत मांडव पडला होता. केटररची गाडी आली, त्यावर पोळ्यांचं यंत्र घरघरत होतं. आणि मांडवाच्या बरोब्बर समोर, आपल्या स्वतःच्या दारात, वैजयंता मेश्रामनं चूल मांडली. निळी साडी नेसली, पदर खोचला, लाकडं पेटवली, मडकं उपडं घातलं. परातीत कणीक आपटल्याचा आवाज मांडवात घुमला तशी माना वळल्या.

ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आयका हो! माह्या पोटात सहवास आहे. लपवून काही नाही. ज्याले भेव वाटते त्यानं मांडवातली पोळी खा, माही काही तक्रार नाही. ज्याले माह्या हातची चालते, त्यानं इथं या. यशू माही लेक आहे. तिच्या लग्नात माही चूल बंद नाही राहणार."

आणि बसून तिनं पहिली रोटी ताणली. रोटी भाजली, घडी घालून टोपलीत गेली. दुसरी गेली. कुणी आलं नाही. टोपली भरत चालली, तरी कुणी आलं नाही. वैजयंताच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण हात थांबले नाहीत.

वरमाई शेंडेबाई लगबगीनं आल्या, आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आम्ही असलं काही मानत नाही. पण आमची सून या अवस्थेत..."

"सून कुठं आहे?"

"इथंच आहे," मागून आवाज आला. संघमित्रा पोटावर हात ठेवून सावकाश गल्ली ओलांडत येत होती. "आई, सगळे केव्हाचे माझं नाव पुढे करताहेत. मला कुणी विचारलं का? तो अहवाल मीही वाचलाय. आणि मला मघापासून या वासानं इतकी भूक लागली आहे की उभं राहवत नाही." ती वैजयंताच्या दारातल्या पाटावर टेकली. "द्या मावशी."

वैजयंतानं मडक्यावरची रोटी उचलून थेट तिच्या ताटात टाकली. "सांभाळ पोरी, चटका बसेल." संघमित्रानं सगळ्यांदेखत मोठा घास मोडला.

तेवढ्यात कुंदा मांडवातून बाहेर आली. भरजरी लुगडं, डोळे लाल. "भर लग्नात शोभा केली ना माही!" ती ओरडली. "पाहुण्यांसमोर नाक कापलंस! एवढा एक दिवस गप नाही बसता आलं तुले?"

"नाही आलं!" वैजयंताही उसळून उठली, कोपरापर्यंत कणकेनं माखलेली. "मी मरायले टेकली होती, तेव्हा माह्या ताटात जेवलीस तू. मले ओकारी यायची, तरी त्याच ताटात जेवलीस. तेव्हा नाही भ्यायलीस. अन् आता मी बरी झाली, हात चालू झाले, तं मले खिडकीत ठेवतेस? तू, कुंदा? दुसऱ्या कोणी केलं असतं तं मी थुंकली असती अन् पुढं गेली असती. तुह्यावर थुंकता येत नाही ना मले!"

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मांडवातलं गाणं कुणीतरी बंद केलं होतं, त्यामुळे फक्त लाकडं तडतडताना ऐकू येत होती. मग कुंदानं हातातल्या काचेच्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या. लुगड्याचा पदर करकचून कमरेला खोचला.

"सरक तिकडं," ती म्हणाली. चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि दोन्ही हात त्याच परातीत, त्याच कणकेत कोपरापर्यंत घातले.

तिला कुठं येत होतं ते! गोळा उचलला, ताणला, आणि रोटी मधोमध फाटून अर्धी मडक्यावर, अर्धी तिच्या भरजरी लुगड्यावर पडली.

"काय वं हे? चिंधी केली चिंधी!" वैजयंता डोळे पुसत खेकसली.

"मंग शिकव ना! नुसती बोंबलते कायले?"

मांडवातून आधी यशूच्या मैत्रिणी आल्या, मग वस्तीतल्या बाया, मग नवरदेवाचे दोन मित्र ताटं घेऊन. केटररनं यंत्र बंद केलं आणि तोही येऊन रांगेत लागला. ओट्यावर, पायऱ्यांवर, सतरंजी ओढून रस्त्यावरच पंगत बसली, आणि शेवटी शेंडेबाईही अर्धी रोटी घेऊन सुनेशेजारी टेकल्या. काही पाहुणे मात्र उठले. नाकाला रुमाल लावून, चपला शोधत, ताटं तशीच टाकून निघाले. कुंदा कावरीबावरी होऊन त्यांना थांबवायला उठू लागली, तशी वैजयंतानं तिचं मनगट कणकेच्या हातानं घट्ट धरून तिला खाली बसवलं.

"जा बाप्पा, खुशाल जा!" तिनं त्यांच्या पाठीवर हाक टाकली. "दुसऱ्यांना बसायले जागा झाली."